लॉगिन सर्व्हिस टीडीडीने (आधी टेस्ट, मग कोड) लिहिताना मॉक ऑब्जेक्ट (टेस्टपुरते खऱ्याच्या जागी बसवलेले नकली भाग) वापरावेत का, की टेस्ट थेट डेटाबेसवर चालवाव्यात?

वापरा, बिनधास्त वापरा. "मॉकवर पास झालेली टेस्ट म्हणजे स्वतःच पेपर काढायचा अन् स्वतःच तपासायचा" हे तुम्हालाही कोणीतरी ऐकवलं असेल, म्हणूनच विचारताय. मला ते ऐकवणारा सीनियर नागपूरला एसीत बसायचा आणि मी राळेगाव तालुक्यात, घरच्या ओसरीवर.

काम एका जिनिंगचं होतं. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन, ग्रेड, भाव, शेतकऱ्याची पावती. लॉगिन सर्व्हिस सीनियरने लिहिलेली, एकही टेस्ट न लिहिता. तीनदा पासवर्ड चुकला की खातं लॉक, एवढाच नियम. दिवाळीनंतरचा ऐन सीझन, गाड्यांची रांग पार रस्त्यावर, आणि मुनीमजींचा फोन: "भाऊ, मी एकडावच चुकलो ना, मंग लॉक काहून झालं?" सीनियरचा निकाल तयार होता: म्हातारा खोटं बोलून राहिला.

मी रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा क्लास) स्टब केली, म्हणजे ठरलेली उत्तरं देणारी नकली बसवली, आणि दोन खाती मॉक केली. पहिल्या खात्यावर दोनदा चुकीचा पासवर्ड, दुसऱ्यावर एकदा, आणि शेवटी व्हेरिफाय, म्हणजे कोणता कॉल झाला-न झाला याची तपासणी: दुसऱ्या खात्यावर लॉक कधीच कॉल होऊ नये. टेस्ट लाल, म्हणजे नापास! चुकांचा आकडा साहेबांनी सर्व्हिसच्याच फील्डमध्ये ठेवला होता, आणि स्प्रिंगमध्ये (हे जावाचं फ्रेमवर्क) वेगळं सांगितलं नाही तर सर्व्हिस सिंगलटनच असते, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच. काटेवाला चुकला, ग्रेडर चुकला, की तिसरी चूक ज्याच्या हातून होईल त्याचं खातं गेलं. आकडा खात्यागणिक वेगळा केला, टेस्ट हिरवी. हे सगळं लाइट गेलेली असताना, लॅपटॉपच्या बॅटरीवर. नागपूरच्या डेटाबेसवर टेस्ट चालवायची म्हटलं असतं तर व्हीपीएन लागेस्तोवर मुनीमजी हातानेच पावत्या फाडत बसले असते.

यावर सीनियर म्हणाला, मॉक म्हणजे नवीन फॅड आहे. अहो, मॅकिनन, फ्रीमन आणि क्रेग यांचा मॉक ऑब्जेक्टवरचा पेपर २००० सालचा आहे! तेव्हा आमच्या गावात फोन करायला एसटीडी बूथवर जावं लागायचं.

तुमच्यापुरतं सांगतो: रिपॉझिटरी, ओटीपीचा एसएमएस पाठवणारा क्लास आणि घड्याळ, एवढ्यांचे नकली घ्या. घड्याळ कन्स्ट्रक्टरमधूनच (म्हणजे सर्व्हिस तयार करतानाच बाहेरून) द्या, नाहीतर '१५ मिनिटांनी लॉक उघडतं' ही टेस्ट कशी लिहिणार? पासवर्ड चुकला तर ओटीपी जायलाच नको, हेही व्हेरिफाय करा. पण पासवर्ड एन्कोडर (पासवर्डचा हॅश करून ताडून बघणारा क्लास) खराच ठेवा. त्यातली बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत मुद्दाम हळू बनवलेली आहे, टेस्टमध्ये कॉस्ट (हॅशला किती मेहनत लावायची तो आकडा) ४ दिली की भागतं. आणि प्रत्येक गेटर-सेटरवर (नुसती किंमत वाचणाऱ्या-ठेवणाऱ्या मेथडवर) व्हेरिफाय लावत बसू नका, उद्या कोडची नुसती मांडणी बदलली तरी निम्म्या टेस्ट रडतील.

हां, खऱ्या डेटाबेसवरही दोन-चार टेस्ट हव्यातच. मॉक रिपॉझिटरी तुम्ही शिकवलं तेवढंच बोलते. कॅपिटल अक्षरात टाकलेलं युजरनेम मायएसक्यूएल सहसा चालवून घेतं, पोस्टग्रेस नाही, हे तिला कुठून कळणार? तेवढ्यापुरतं सीनियरचं बरोबर होतं. पण ती डेटाबेसवाली टेस्टही त्याने कधी लिहिली नाही.