गर्भारपणाच्या तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला व्हेंटिलेटर लागतोच का?

लागतोच असं नाही. बाळ स्वतः श्वास घेत असेल तर आधी सीपॅप लावतात. नाकाशी बसवलेल्या छोट्या नळ्यांतून सतत हलका दाब मिळतो, त्यामुळे श्वास सोडताना फुप्फुसातले वायुकोश मिटत नाहीत. बबल सीपॅपमध्ये हवा बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्यात 5-6 सेंटिमीटर बुडवलेलं असतं. जितकं खोल, तितका दाब. इतकी साधी युक्ती, पण किती बाळं तिने तरली आहेत!

सर्फॅक्टंट, म्हणजे वायुकोश उघडे ठेवणारा फुप्फुसातला पदार्थ, कमी असेल तर ‘लिसा’ पद्धतीत ते बारीक नळीने (कॅथेटरने) श्वासनलिकेत सोडतात, सीपॅप चालू ठेवूनच. श्वास मध्येच थांबत असेल तर कॅफीन देतात. एवढं करूनही बाळ दमलं तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. तेव्हा घाबरून नकार देऊ नका.