पहिला लिनक्स कर्नल ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिताना लॉकचं एवढंच बघ

भावा, कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या बोळात समोरासमोर दोन रिक्षा घुसल्या आणि कुणीच मागं सरंना, तर तो डेडलॉक. म्हणून दोन लॉक (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणारी कुलपं) लागत असतील तर घ्यायचा क्रम सगळीकडं एकच ठेव. इंटरप्टिबल लॉकनं (ज्याची वाट बघणं मध्येच सोडता येतं) डेडलॉक टळत नाही, फक्त बाहेर पडायची वाट मिळते.

साध्या म्युटेक्स_लॉकवर (लॉक घ्यायचं नेहमीचं फंक्शन) अडकलेली प्रोसेस 'डी' अवस्थेत (सिग्नलनं न मोडणारी झोप) बसते, किल -९ लाही (जबरदस्तीनं मारायचा सिग्नल) दाद देत नाही. म्युटेक्स_लॉक_इंटरप्टिबल मात्र सिग्नल (प्रोसेसला बाहेरून आलेला निरोप) आला की शून्याऐवजी (शून्य म्हणजे लॉक मिळालं) उणे ईआयएनटीआर, म्हणजे 'मध्येच थांबवलं' हा एरर कोड, परत देतं. नवखे इथंच आपटतात:

- ती परत आलेली व्हॅल्यू बघतच नाहीत. लॉक मिळालेलं नसताना डेटा बदलतात, वर अनलॉकही करतात! (मीही केलंय, अख्खी रात्र गेली.)
- परत फिरताना आधीचं लॉक सोडत नाहीत.

लॉकडेप (कर्नलमधलं लॉकचा क्रम तपासणारं साधन) चालू ठेव. गाडी अडकायच्या आधीच चुकलेला क्रम दाखवतं. आरसीयू (लॉक न घेता डेटा वाचायची पद्धत) वगैरे सध्या राहू दे.