तारखा न पडलेली पुस्तकं

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात आयुष्य गेलं की एक सवय लागते. पुस्तक हातात आलं की आधी मागचं पान उघडायचं आणि तिथे चिकटवलेल्या कागदावरचे तारखांचे शिक्के बघायचे. काही पुस्तकांना एकावर एक तीन-तीन कागद चिकटलेले असतात, काहींचा पहिलाच कागद अर्धा कोरा. या सदरात मी सुचवते ती पुस्तकं बहुतेक या दुसऱ्या गटातली. परदेशी मालिकांना असा कागद नसतो, पण आपल्याकडे ज्यांचं नाव फारसं कानावर येत नाही अशाच मी शोधते. या महिन्यातली पाच पत्रं घेते.

ताई, मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, नोकरीमुळे पुण्यात. 'कोसला' झाली, 'बनगरवाडी' झाली, 'मृत्युंजय' तर दोनदा झाली. आता गावाकडचं वाचायचं आहे, पण गाव म्हणजे हिरवी शेतं आणि भाबडी माणसं असलं काही नको. जमलं तर त्याला जोड म्हणून एखादी मालिकाही सांगा. — एक वाचक, पुणे

तुम्ही लातूरचे, म्हणजे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' तुमच्याच बोलीतली कादंबरी. आली १९७१ साली. गावातल्या शिंप्याचं घर आहे. गोष्ट सांगते ती गंगाराम शिंप्याची बायको, आणि ती मराठवाड्याच्या बोलीत सांगते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मध्ये लेखक येऊन काही समजावत नाही. या बाईला गावातल्या राजकारणाचं विश्लेषण करता येत नाही, पण घरात कोण गप्प झालं, कोण जेवला नाही, नवऱ्याचा आवाज कधी चढला हे तिच्या नजरेतून सुटत नाही. त्यातूनच आपल्याला सगळं गाव दिसतं. पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. कानाला ओळख पटली की पुस्तक खाली ठेववत नाही.

त्याच वर्षी, १९७१ मध्येच, आनंद यादवांची 'गोतावळा' आली. ही कागलकडच्या बोलीतली. नारबा हा सालगडी. त्याला स्वतःचं घरदार नाही. बैल, म्हशी, कुत्रं, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर जायला लागतं. शेतीच्या यांत्रिकीकरणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यात माणसाच्या आतलं काय जातं हे इतक्या जवळून मराठीत क्वचितच आलं असेल. दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचा. एकाच वर्षी, महाराष्ट्राच्या दोन टोकांना बसून दोन लेखकांनी ठरवलं की माझ्या माणसाची गोष्ट त्याच्याच तोंडून आणि त्याच्याच बोलीत येईल. मला ही मराठी कादंबरीतली फार मोठी घटना वाटते.

आता जोड. एडगर राइट्झ या दिग्दर्शकाची 'हायमाट' ही जर्मन मालिका १९८४ ची आहे. अकरा भाग, सगळे मिळून पंधरा तासांहून जास्त. हुन्सऱ्युक नावाच्या डोंगराळ भागातलं शाबाख हे काल्पनिक गाव आणि त्यातलं एक कुटुंब, १९१९ पासून १९८२ पर्यंत. पहिल्याच प्रसंगात पाउल हा तरुण पहिल्या महायुद्धातून पायी घरी परततो, आणि लोहाराच्या भट्टीपाशी बापाला मदत करायला लागतो. पुढे गावात रेडिओ येतो, हिटलरचे झेंडे येतात, मोठा रस्ता येतो, पुन्हा युद्ध येतं. माणसं त्या भागातलीच बोली बोलतात. चित्र कधी कृष्णधवल, कधी रंगीत होतं. त्याची संगती लावत बसू नका, बघत राहा. मारिया ही त्या घरातली बाई तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आपल्यासमोर जगते, आणि मारिटा ब्रॉयर या अभिनेत्रीचं काम बघताना 'पाचोळा'तली बाई मला वारंवार आठवते. ट्रॅक्टर काय, मोठा रस्ता काय, गावात येताना तो भलं करायलाच येतो. त्याची किंमत कोणी मोजली हे या तिन्ही कलाकृतींनी लिहून ठेवलं आहे.

मला गुन्ह्यांच्या मालिका आवडतात. पण अलीकडे बघताना मन खट्टू होतं. खुनी किती हुशार, किती थंड डोक्याचा, हेच दाखवत राहतात. मेलेल्या बाईचं नावसुद्धा शेवटी लक्षात राहत नाही. असं नसलेलं काही आहे का? — एक वाचक, सोलापूर

आहे, आणि तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न प्रेक्षकांनी विचारलाच पाहिजे.

'द इन्व्हेस्टिगेशन' ही २०२० ची डॅनिश मालिका, सहा भागांची, टोबियास लिंडहोम यांची. किम वाल ही स्वीडिश पत्रकार २०१७ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनजवळ एका संशोधकाच्या घरी बनवलेल्या पाणबुडीतून मुलाखतीसाठी गेली आणि परत आली नाही. जगभर बातम्या झाल्या, आणि बहुतेक बातम्यांत त्या माणसाचा चेहरा आणि त्याचं नाव. लिंडहोम यांनी मालिकेत त्याला दाखवलेलंच नाही. त्याचं नावही कोणी उच्चारत नाही. तो 'आरोपी' एवढाच.

मग सहा भाग दिसतं काय? काम दिसतं. तपासप्रमुख येन्स म्योलर, सरकारी वकील, आणि समुद्रात पुन्हा पुन्हा उतरणारे पाणबुडे. पाण्याखालचा वास ओळखणारी शिकवलेली कुत्री होडीच्या टोकाशी उभी आहेत. खाडीचे प्रवाह किती वेगाचे, कुठली वस्तू वाहत कुठे जाईल याची गणितं मांडली जातात. आरोपी दर वेळी जबानी बदलतो आणि पोलिसांना न्यायालयात टिकेल असा पुरावा हवा असतो. रोज रिकाम्या हाताने परतणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणं, यातला संयम या मालिकेने जसा दाखवला तसा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. किमचे आईवडील मालिकेतली महत्त्वाची पात्रं आहेत. खऱ्या आईवडिलांनी ती करताना सहकार्यही केलं. मालिका संपते तेव्हा आपल्याला लक्षात राहते ती किम, तिचं काम, तिचं जगभर हिंडून लिहिणं. तुम्हाला हेच हवं होतं.

तुम्ही सोलापूरच्या आहात म्हणून यासोबत एक पुस्तक मुद्दाम सांगते: विभावरी शिरूरकर यांची 'बळी', १९५० सालची कादंबरी. त्यांचं 'कळ्यांचे निःश्वास' सगळ्यांना ऐकून माहीत असतं. 'बळी'ला मात्र हात लागत नाही.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत असं त्यात गृहीत होतं. पुढे तो इतर प्रांतांतही पसरला. सोलापुरात अशा लोकांची सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणातली वस्ती. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवानगी घ्यायची. मूल जन्माला आलं की तेही कुंपणाच्या आतलं. मालतीबाई बेडेकरांनी (विभावरी शिरूरकर हे त्यांचं टोपणनाव) त्या सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून काम केलं होतं आणि त्या अनुभवातून ही कादंबरी आली. त्या बाहेरून येऊन दया दाखवत नाहीत. आतल्या माणसांचा राग, त्यांची आपसांतली भांडणं, त्यांच्यातलेच काही अधिकाऱ्यांशी कसे जुळवून घेतात, बाहेर पडायची धडपड कशी चिरडली जाते, हे सगळं त्यांनी लिहिलं. स्वातंत्र्य १९४७ ला आलं, हा कायदा देशातून पूर्ण गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. भटके-विमुक्त समाज हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मधली पाच वर्षं मोजून बघा.

आधी मालिका बघा, मग कादंबरी वाचा. मालिकेत खऱ्या गुन्हेगाराचं नाव घ्यायला नकार आहे, आणि कादंबरीत ज्यांनी गुन्हा केलेला नाही त्यांना गुन्हेगार हे नाव सरकारने दिलं आहे. दोन्ही एका आठवड्यात संपतात, पण दुसरी मनातून जात नाही.

माझी आई ७८ वर्षांची आहे. वाचनवेडी होती, आता बारीक अक्षर दिसत नाही. परदेशी मालिका बघायची तिला फार हौस, पण खाली पळणाऱ्या ओळी वाचता येत नाहीत. — एक वाचक, चिपळूण

तुम्ही शेजारी बसून वाचून दाखवा. हा सल्ला मी मनापासून देते. त्यासाठी भाग लहान हवा आणि बोलणं संथ हवं. 'मिडनाइट डायनर' ही जपानी मालिका त्यासाठी अगदी योग्य. टोकियोच्या शिंजुकू भागातल्या गल्लीत एक छोटी खाणावळ, रात्री बाराला उघडते, सकाळी सातला बंद. मालकाच्या चेहऱ्यावर जुनी जखम आहे, तिची गोष्ट कोणी सांगत नाही. पाटीवर एकच जेवण लिहिलेलं, बाकी गिऱ्हाईक मागेल ते, घरात सामान असेल तर तो करून देतो. प्रत्येक भाग एका पदार्थाभोवती आणि तो मागणाऱ्या एका माणसाभोवती, साधारण पंचवीस मिनिटांत पूर्ण. गरम भातावर वाळवलेल्या माशाचा कीस आणि सोया सॉस घालून खाणारी एक गरीब गायिका सुरुवातीच्याच भागांत भेटते. तो भाग आईंना पहिल्यांदा दाखवा. मांस-मासे भरपूर आहेत, घरात वर्ज्य असेल तर आधी सांगून ठेवा. मध्येच चित्र थांबवून आईंशी बोलायलाही संकोच करू नका.

आणि वाचून दाखवायला पुस्तक: विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. नाव सगळ्यांना माहीत, पूर्ण वाचलेली माणसं थोडी. तुमच्या कोकणातल्याच वरसईचे हे भटजी. घरावर कर्ज होतं, म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहराच्या आत होते. तोफांचे गोळे, पाण्याची टंचाई, लुटालूट, आणि शेवटी आईवडिलांना स्नान घालण्यासाठी कावडीतून घरी आणलेली गंगा. भाषा जुनी आहे, पण ती ऐकायला सोपी आणि डोळ्यांनी वाचायला जड. आईंना मजकूर पटापट समजेल, कदाचित तुमच्याआधी.

घरातल्या चौघांना एकत्र बसून बघता येईल असं काहीतरी. रक्त नको, आरडाओरडा नको. — एक वाचक, डोंबिवली

'डिटेक्टरिस्ट्स'. ब्रिटिश, २०१४ पासून तीन पर्व, प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा. लिहिली आणि दिग्दर्शित केली मॅकेन्झी क्रूक यांनी. अँडी आणि लान्स हे दोन मित्र धातुशोधक यंत्र घेऊन शेतांतून हिंडतात आणि बहुतेक वेळा त्यांना डब्यांची झाकणं सापडतात. मोठ्यांच्या काही संवादांसाठी मुलं बारा-तेराच्या पुढची असावीत. जमीन, पाऊस, मैत्री आणि मातीखाली झोपलेला इतिहास, एवढंच आहे आणि ते भरपूर आहे. हिच्या जोडीला श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांचं 'डोह' घ्या. औदुंबरच्या नदीकाठावरचं लहानपण त्यात आहे. रोज रात्री एक लेख, त्याहून जास्त नको.

आम्ही वेल्समध्ये राहतो. मुलगा बारा वर्षांचा. मराठी त्याला आजी-आजोबांशी फोनवर बोलण्यापुरती भाषा वाटते. काय वाचू, काय दाखवू? शिवाय तुम्ही सांगता ती जुनी पुस्तकं मिळवायची कुठे? — एक वाचक, कार्डिफ

तुम्ही राहता त्याच भूमीत याचं उत्तर आहे. मुलगा शाळेत वेल्श शिकत असणारच. त्याला विचारा, की वेल्श भाषेची दूरचित्रवाहिनी कशी मिळाली. सरकारने दिलेलं वचन मागे घेतलं तेव्हा १९८० साली ग्विनफोर एव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली. सरकार नमलं, आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी ही वाहिनी सुरू झाली. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार. मराठी मातृभाषा असणारे २०११ मध्ये ८ कोटी ३० लाख होते. हे दोन आकडे मुलाला शेजारी शेजारी लिहून दाखवा.

तुम्ही दोघांनी 'हिंटरलँड' बघा. ती मुलासाठी नाही, फार काळोखी आहे. अ‍ॅबरिस्टविथ परिसरात घडणारी पोलीस मालिका, २०१३ ची. तिचे प्रसंग वेल्शमध्ये एकदा आणि इंग्रजीत एकदा, असे दोनदा चित्रित केले. वेल्श आवृत्ती आधी प्रक्षेपित झाली. लहान भाषेतली मालिका जगभर नेता येते आणि भाषा घरी ठेवून यावी लागत नाही, हे त्यांनी कष्टाने दाखवून दिलं. मराठी निर्मात्यांनी याचा अभ्यास करावा असं मला तळमळीने वाटतं.

मुलासाठी माधुरी पुरंदरे यांचं 'सिल्व्हर स्टार' घ्या. मुलांना त्या कधी कमी लेखत नाहीत, चित्रंही स्वतः काढतात. पहिली गोष्ट तुम्ही वाचा, दुसरी त्याला वाचू द्या, उच्चार चुकले तरी मध्ये थांबवू नका.

जुन्या पुस्तकांचं असं: आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं. म्हणून १९१५ चं त्रिं. ना. आत्रे यांचं 'गावगाडा' इंटरनेटवर सहज आणि रीतसर मिळतं. बाकीच्यांसाठी भारतात आलात की ग्रंथालयात जा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, आणि तालुक्याच्या गावातही एखादं 'अ' किंवा 'ब' वर्गाचं वाचनालय असतंच. पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत नाव, लेखक आणि प्रकाशक लिहून या. पुढच्या खरेदीच्या वेळी ती वही उघडली जाते. 'बळी' शोधताना विभावरी शिरूरकर आणि मालती बेडेकर ही दोन्ही नावं सांगा, कारण काही ठिकाणी नोंद एका नावाखाली असते, काही ठिकाणी दुसऱ्या.