मुंबईचे फोटो काढायला निघालास? आधी एवढंच बघ

कॅमेरा कुठला घेऊ, हे सध्या सोडून दे. हातातला मोबाइल पुरे. आधी ऊन ओळखायला शीक. गेटवेचं तोंड पूर्वेला, बंदराकडे; तिथे सकाळी लवकर जा. मरीन ड्राइव्हला संध्याकाळी. भर दुपारच्या फोटोत डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात, नवखे बहुतेक तिथेच फसतात.

झूम नको, चार पावलं पुढे जा. पावसाळा सरला की वर्सोव्याला बांबूंवर बोंबील वाळत असतात. लांबून नुसती पांढरट झालर दिसते. जवळ गेलास की कळतं, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेत! मला तर ते अजूनही दर वेळी बघत राहावंसं वाटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोळीवाड्यात आधी बोल, मग मोबाइल काढ. "मावशी, एक फोटो काढू का?" नाही म्हणाल्या तर नाही. मासळीची विक्री चालू असताना वाटेत उभा राहू नकोस, त्यांचं पोट त्यावर आहे.

पहिला महिना:
- जागा एकच
- एका फेरीत दहाच फोटो
- फिल्टर अजिबात नको

एक्स्पोजर, लेन्स वगैरे नंतर सांगेन. पहिले दहा काढलेस की दाखव, मी नक्की बघेन.