ब्रेक व्हॉल्व्हचं रिकॉल, पार्टचा पत्ता नाही आणि जॉबकार्डावरची सही

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी ट्रक भरायला लावून परत वाचली. कंपनीचं पत्र आलंय, तुमच्या ट्रकच्या ब्रेक व्हॉल्व्हचं रिकॉल आहे, म्हणजे दोषाचा पार्ट कंपनीने स्वखर्चाने बदलून द्यायचा, वर्कशॉपवाले "पार्ट आला की फोन करू" म्हणतात, सात आठवडे झाले, हप्ता तोंडावर आहे आणि गाडी चालवावी की उभी करावी हे कळत नाही. बाकीच्यांनी तुम्हाला धीर दिलाय, ते चांगलंच आहे. पण तुमच्या पोस्टमध्ये शेवटी एक ओळ आहे, "परवा गाडी दाखवून आलो, त्यांनी तपासून सही घेतली." ती ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. हे सगळं उत्तर त्या एका ओळीसाठी आहे.

चेसिस नंबर टाकून रिकॉल कसं बघायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. आधी एक काम करा. त्या दिवशीचं जॉबकार्ड, म्हणजे वर्कशॉपने केलेल्या कामाचा कागद, काढा आणि त्यावर काय छापलंय ते नीट वाचा. इंग्रजीत असेल तर पोराकडून वाचून घ्या. मी वाचलं नव्हतं.

माझी गाडी बारा टायरची ट्रक, जानेवारी २०२२ ची. कराडकडच्या कारखान्यांची साखर घेऊन जेएनपीटी बंदर, येताना कळंबोलीहून पोलादाची कॉइल किंवा पत्रा. ऑगस्ट २०२३ मध्ये पत्र आलं. पायाखालचा ब्रेक व्हॉल्व्ह तपासून बदलायचा, खर्च कंपनीचा. मी चौथ्या दिवशी वर्कशॉपला गेलो. कुठलं ते लिहीत नाही, आणि कृपा करून इथे कुणी अंदाजही बांधू नका. तिथे एका पोराने दोनदा पेडल दाबलं, कान लावला, म्हणाला, आत्ता लिकेज नाही, पार्ट कंपनीकडून आलेला नाही, आला की बोलावतो. सुपरवायझरने कागद पुढे केला. बाहेर पार्टी लोडसाठी थांबली होती. मी सही केली आणि निघालो.

त्या कागदावर छापलेलं होतं की कॅम्पेनचं, म्हणजे रिकॉलचं, काम पूर्ण झालं आणि ग्राहक समाधानी आहे.

हे मला कळलं नोव्हेंबरात. गळीत हंगाम सुरू झालेला, गाडीला रोज लोड. ड्रायव्हर म्हणाला, मालक, पाय काढला तरी ब्रेक लगेच सुटत नाही, चाकाला वास येतोय. गाडी पुण्याजवळ होती म्हणून तिथल्या वर्कशॉपला लावली. त्यांनी चेसिस नंबर टाकला आणि सांगितलं, "तुमच्या गाडीचं कॅम्पेन झालंय, व्हॉल्व्ह बदललेला दिसतोय. आता हवा असेल तर पैसे भरा, आणि तसाही स्टॉकमध्ये नाही." जुना व्हॉल्व्ह जागेवर, धूळ बसलेला, बोल्टला पाना लागल्याची खूणही नाही, आणि कॉम्प्युटर म्हणतो बदलला!

तिथून पुढे गाडी एकूण ४१ दिवस उभी राहिली. पहिलं वर्कशॉप म्हणायचं, आमच्याकडून बंद झालंय, आता कंपनीच उघडू शकते. कंपनीचा फोन उचलणारी मुलगी म्हणायची, डीलरने विनंती पाठवली पाहिजे. डीलर म्हणायचा, ज्याने बंद केलं तो सुपरवायझर नोकरी सोडून गेला. मी रोज सकाळी तीन फोन करायचो आणि तिन्ही ठिकाणी पहिल्यापासून सांगायचो. हप्ता ६८ हजारांचा, ड्रायव्हरचा पगार चालू, आणि हंगामात गाडी दारात. बायकोने एकदाही विचारलं नाही की पैसे कुठून आणताय, त्याचंच मला जास्त लागलं. राग आजही गेलेला नाही. चूक सहीची होती, सही माझी होती, हे मला मान्य आहे. पण न केलेलं काम केलं म्हणून नोंदवणं याला मी चूक म्हणणार नाही. ब्रेकचं काम आहे ते. त्या गाडीत माझा ड्रायव्हर बसतो, आणि पुढे एसटी चाललेली असते.

सुटका कशी झाली ते सांगतो, कारण तुम्हाला तेच लागेल. एका जुन्या मिस्त्रीने जॉबकार्ड हातात घेतलं आणि खालच्या भागावर बोट ठेवलं. लेबरच्या रकान्यात कॅम्पेनचा कोड होता. पार्टचा रकाना कोरा होता. व्हॉल्व्ह बदलला असता तर पार्ट नंबर आणि एक नग असं तिथे यायलाच हवं होतं. मग आम्ही गाडीखाली जाऊन जुन्या व्हॉल्व्हवर ठोकलेला नंबर आणि तारखेचा कोड पुसून फोटो काढला, दुसऱ्या फोटोत तोच व्हॉल्व्ह आणि चेसिस नंबर. पत्र, जॉबकार्ड, दोन फोटो असं सगळं एका ईमेलमध्ये, कंपनीच्या ग्राहक विभागाला, प्रत डीलरच्या मालकाला. मजकूर चार ओळींचा. भाषण नाही, शिव्या नाहीत. नवव्या दिवशी कॅम्पेन परत उघडलं. पार्ट यायला त्यानंतरही तीन आठवडे लागले, पण निदान आपलं नाव रांगेत होतं.

तर तुमच्या जॉबकार्डाचा पार्टचा रकाना आज बघा. कोरा असेल आणि वर "पूर्ण" असं काही असेल, तर उद्याच लेखी कळवा. मी तीन महिने घालवले, तुम्ही तीन दिवसही घालवू नका. आणि इथून पुढे जिथे सही कराल तिथे सहीच्या वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहा, "फक्त तपासणी केली, पार्ट बदललेला नाही", खाली तारीख. नाही म्हणाले तर सही करू नका. काही जण तोंड वाकडं करतील, करू देत.

आता पार्टबद्दल. "आला की फोन करू" हे उत्तर घेऊन परत येऊ नका. तुमच्या चेसिस नंबरवर पार्टची ऑर्डर टाकली आहे का, ऑर्डर नंबर काय, तारीख काय, हे तीन प्रश्न विचारा. माझ्या वेळी कळलं की माझ्या नावाने ऑर्डर टाकलेलीच नव्हती, नुसतं वहीत नाव होतं. दुसरं म्हणजे व्हीओआर ऑर्डर, म्हणजे गाडी बंद पडून उभी आहे म्हणून तातडीने टाकलेली ऑर्डर. ती साध्या स्टॉक ऑर्डरच्या आधी सुटते. पण माझ्या अनुभवात गाडी त्यांच्या आवारात जमा असेल तरच ती टाकतात. इथेच मालकाची कोंडी होते. गाडी चालवली तर ऑर्डर मागे, जमा केली तर हप्ता अंगावर. माझं मत विचाराल तर ब्रेक किंवा स्टिअरिंगचं रिकॉल असेल आणि गाडीला काहीही लक्षण दिसत असेल, तर जमा करा आणि व्हीओआर टाकून घ्या. ऑर्डर नंबर हातात आल्याशिवाय मात्र किल्ली देऊ नका. नुसती जमा केलेली गाडी ही त्यांच्यासाठी कोपऱ्यातली एक गाडी असते.

लक्षण काही नसेल तर? मी इंजिनिअर नाही, जबाबदारी तुमची. कंपनीला ईमेलवर एकच प्रश्न लिहा: पार्ट मिळेपर्यंत ही गाडी भरून चालवणं सुरक्षित आहे का, हो की नाही. फोनवर कुणी हो म्हणालं तर त्याला काही किंमत नाही. उत्तर येईपर्यंत रोज सकाळी ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडा, हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करून पेडल दाबून धरा आणि हवेच्या दाबाचा काटा बघा, एकाने खाली कान लावून फुसफुस ऐकायची. सांध्यांना साबणाचं पाणी लावा. काटा उतरत असेल तर वाद नको, गाडी हलवू नका. काटा स्थिर असला तरी मी भरलेली गाडी घाट उतरवली नसती. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आणि बोरघाट, या दोन ठिकाणी भरल्या गाडीत ब्रेकवर शंका घेऊन उतरायचं नाही. नवले पुलावर किती अपघात झाले हे पुण्याच्या बाजूला गाडी चालवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. ड्रायव्हरला हेही बजावा की डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. तोपर्यंत सपाटीची जवळचीच भाडी मारा. पैसे कमी मिळतील, झोप लागेल.

बाहेरच्या मिस्त्रीकडून व्हॉल्व्हचं दुरुस्ती किट टाकून घ्या असं खाली एकाने लिहिलंय. त्यांचा हेतू चांगला आहे, पण रिकॉल उघडं असताना मी ते करणार नाही. व्हॉल्व्ह बाहेर खोलला की तुम्ही छेडछाड केली म्हणायला कंपनीला कारण मिळतं. आणि बाजारात नकली ब्रेकचे पार्ट मूळ खोक्यासारख्या खोक्यात मिळतात.

कायद्याचं थोडं. मी वकील नाही, हे स्वतःच्या भांडणातून शिकलेलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं, आणि रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्या त्यात येतात, सरकारने सक्तीने रिकॉल करायला लावलं तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर मालकाला दोषाची तक्रार नोंदवता येते. ती जरूर नोंदवा, कारण किती मालकांनी तक्रार केली यावर पुढचं ठरतं आणि आपण ट्रकवाले तक्रार नोंदवण्यात फार मागे आहोत. पण त्या दंडातून आपला हप्ता भरला जात नाही. बुडालेल्या भाड्यासाठी वेगळं भांडावं लागतं.

ते भांडण ग्राहक आयोगात होतं, आणि तिथे ट्रकवाल्याला पहिल्याच दिवशी सांगतात की तुम्ही व्यवसायासाठी गाडी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच एका निकालात ट्रकचंच उदाहरण देऊन म्हटलंय की स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहक ठरतो, हाताखाली एखाददुसरा माणूस असला तरी. पाच-दहा गाड्या असतील तर अवघड आहे, तेव्हा वकील गाठा. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पुढे कामाला येतो.

नुकसान दाखवायचं असेल तर पुरावा आजपासून जमवा. आदल्या तीन-चार महिन्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालवाहतुकीच्या पावत्या, एका फाइलला लावा, म्हणजे महिन्याला किती खेपा व्हायच्या ते दिसतं. आणि फास्टॅगचं स्टेटमेंट काढून ठेवा. गाडी उभी होती हे त्याहून चांगलं कोण सांगणार? एकाही नाक्यावर टोल कापलेला नाही. मला हे उशिरा सुचलं. फायनान्सवाल्याला मात्र हप्ता चुकायच्या आधी पत्र आणि जॉबकार्ड दाखवून भेटा. चेक परत गेल्यावर गेलात तर तो ऐकत नाही, सिबिल, म्हणजे कर्जाची पत, बिघडतं ते वेगळंच.

पार्टच्या टंचाईवर बोलायला बसलो तर रात्र जाईल. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस ६ मानक आलं, धूर कमी झाला, मी त्याच्या विरोधात नाही. पण धुरातले विषारी वायू मोजणारा मुठीएवढा नॉक्स सेन्सर गेला की इंजिन आपोआप ताकद कमी करतं, भरलेली गाडी चढाला रांगते आणि त्या सेन्सरसाठीही तेच ऐकायचं, स्टॉक नाही. गाड्या विकताना दाराशी येतात, मग सुटे भाग ठेवायला जागा का नाही? अमेरिकेत ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं रिकॉल निघालं तेव्हा पावणेसात कोटींच्या आसपास इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, बदलायचे होते, पार्ट पुरणार नव्हतेच. तिथल्या सरकारी यंत्रणेने मग क्रम लावला, दमट हवेच्या भागातल्या आणि जुन्या गाड्यांना धोका जास्त म्हणून त्या आधी. लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं हे खरं, पण कोण आधी आणि का, हे जाहीर होतं. ज्याची गाडी रोज बोरघाट उतरते त्याला पार्ट आधी मिळावा एवढंच आपलं मागणं आहे. इथे ओळख असणाऱ्याला आधी मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

असो. तुम्ही पत्राचा आणि जॉबकार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो इथे टाका, चेसिस नंबर, गाडी नंबर, नाव आणि फोन झाकून. उद्या दुपारपर्यंत मी कळंबोलीला लाइनमध्ये उभा असेन, तेव्हा वाचून पार्टच्या रकान्याचं काय ते सांगतो. माझ्या चार ओळींच्या ईमेलचा मजकूरही तेव्हाच खाली लिहितो, तुम्ही फक्त तारखा बदला.