लँडस्केप डिझाइन शिकताना कथा-कादंबऱ्या वाचून खरंच काही उपयोग होतो का?

होतो, आणि आपल्या सांगली जिल्ह्यात तर फारच. आटपाडीकडे काम करायचं असेल तर आधी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचा. ते तिथल्याच माडगूळचे. सर्व्हेच्या नकाशात उतार, हद्द, झाडं सगळं मिळतं; पण मेंढरं कुठल्या वाटेनं जातात, भर दुपारी माणसं कुठे टेकतात, हे त्यात नसतं. कादंबरीत अख्खी वाडी मिळून तालीम बांधते, आणि शेवटी दुष्काळात तीच वाडी ओस पडते. हे एकदा मनात बसलं की माणदेशाच्या माळावर लॉन आखायला हात धजत नाही. मग कडुलिंब, बाभूळ, बोर आठवतात. चार वाजता लिंबाची सावली कुठवर सरकते ते बघून पार कुठे बांधायचा ते ठरतं, आणि कुंपण घालताना मेंढरांची वाट मोकळी सोडाविशी वाटते.

मात्र पुस्तकातला माळ जसाच्या तसा धरून चालू नका. आता तिथे टेंभू योजनेचं पाणी पोचलंय, डाळिंबाच्या बागा आहेत. त्यामुळे वाचून झालं की साइटवर जा, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, आणि तिथल्या एखाद्या मेंढपाळाशी निवांत बोला.