ई-पुस्तकं, ऑनलाइन कोर्स, गेम डाउनलोड केले तर त्यावर जीएसटी लागायला हवा का?

गेम, सिनेमा, सॉफ्टवेअरवर लागावा. दुकानातल्या वस्तूवर कर आणि मोबाइलवर उतरवलेल्या वस्तूला माफी, हा गावातल्या दुकानदारावर अन्याय होईल. परदेशी कंपन्यांनाही इथल्या ग्राहकाकडून १८ टक्के घेऊन सरकारकडे भरावाच लागतो, आणि ते बरोबरच आहे.

अभ्यासाच्या साहित्याचं मात्र मला पटत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. त्याचंच ई-पुस्तक घेतलं की ५ टक्के (२०१८ पासून), आणि छापील आवृत्तीच नसेल तर थेट १८. आता मेळघाटातल्या धारणी किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या पोराचा विचार करा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तिथं सहज मिळत नाहीत, अमरावती-नागपूर गाठायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. म्हणून तो मोबाइलवर नोट्स घेतो. ज्या रिचार्जवर त्या उतरतात, त्याच्या पैशातही १८ टक्के जीएसटी असतोच. म्हणजे ज्याच्या गावाजवळ पुस्तकांचं दुकान नाही, तोच जास्त कर भरतो! सोयाबीन-कपाशीच्या भावावर घर चालतं तिथं शे-दीडशे रुपयेही मोजून खर्च होतात.

ई-पुस्तक आणि शैक्षणिक पीडीएफवरचा कर छापील पुस्तकासारखाच शून्य करावा. बाकीच्या डाउनलोडवर खुशाल घ्या.